मोठं चाक विहिरीकडं

“मागं! मागं चालली! मिस्त्री, पुढं घ्या, पुढं!”

वकीलसाहेब ओरडत होते. ओरडता ओरडता ते स्वतःही मागे मागे सरकत होते, कारण मोटारीचा मागचा भाग नेमका त्यांच्याच रोखाने येत होता. त्या दिवशी आठवड्याचा बाजार, म्हणून जिनिंग कारखान्याचं काम बंद. तरी तीसेक माणसं आवाराच्या भिंतीवर चढून बसली होती आणि सगळी एकाच वेळी निरनिराळे सल्ले देत होती. मोटारीत मिस्त्रीचाचा ताठ बसले होते. नजर समोर, फाटकावर. गियरचा दांडा त्यांनी पुढे जाण्याच्या जागीच टाकला होता, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मोटार मात्र फाटकाकडे तोंड ठेवून, दरबारातून निघणाऱ्या माणसाच्या अदबीने, पावलापावलाने मागे निघाली होती. वकीलसाहेबांनी काळ्या कोटासकट बाजूला उडी घेतली. मोटार कापसाच्या ढिगात शिरली. दोन पुरुष उंचीचा ढीग वरून ढासळला आणि मोटार दिसेनाशी झाली. थोडा वेळ कापसातून इंजिनाचा आवाज येत राहिला, मग तोही थांबला. मग एक लांब हात कापसाबाहेर आला, त्याने डोक्यावरची टोपी जागेवर आहे की नाही ते चाचपलं, आणि आतून आवाज आला, “दात बरोबर हायेत. बेचाळीस अन् सात. मोजून बसवले.”

मिस्त्रीचाचांनी हात लावलेली एकही वस्तू बिघडली असं उभ्या वऱ्हाडात कोणी म्हणू शकणार नाही. ती फक्त वेगळी चालू लागे. बाजारपेठेतल्या शिंप्याचं मशीन त्यांनी एकदा उघडून बंद केलं, तेव्हापासून पायाने हलवावं लागेना. शिंप्याने गिऱ्हाइकावर आवाज चढवला की आपोआप दोन वीत शिलाई पडे. आमच्या मुनीमजींचं भिंतीवरचं घड्याळ दहा वर्षं मुकं होतं. चाचांनी त्याला एरंडेल पाजलं, तर ते ठोके देऊ लागलं, पण फक्त मुनीमजी खोलीत नसताना. मुनीमजी म्हणत, “मिस्त्री, मले कवा ऐकू येईन?” चाचा म्हणत, “तुमी भाएर जा ना बाप्पा, मंग ऐका.” ह्यातलं निम्मं मी वाढवून सांगतो आहे असं कोणाला वाटेल, तर त्याने शिंप्याला विचारावं. शिंपी आता नाही, हा माझा दोष नव्हे.

चाचा माझे कोणी लागत नव्हते. वाशीमच्या एका जिनिंगमध्ये मी काट्यावरचा कारकून होतो, म्हणजे कापसाच्या बैलबंड्या आल्या की वजन लिहून घेणारा. आणि ते तिथले तीस वर्षांचे जुने मिस्त्री. सारं आवार त्यांना चाचा म्हणे म्हणून मीही म्हणे. सहा फुटांच्या वर उंची, अंगात मांस नावापुरतं आणि तेल भरपूर. पावसात ते भिजत नसत. पाणी त्यांच्यावरून बदकाच्या पाठीवरून ओघळावं तसं ओघळून जाई. बिघडलेला रेचा, म्हणजे सरकी काढायचं यंत्र, ते हाताने तपासत नसत. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक यंत्राला आणि मूठ कानाला लावून डोळे मिटत, आणि आतलं कोणतं बेअरिंग काय म्हणतं ते सांगत. पुढे पुढे त्यांना ही सवय माणसांनाही लागली. गोदामाच्या रखवालदाराला खोकला झाला तेव्हा चाचांनी स्क्रूड्रायव्हर त्याच्या छातीला लावला, ऐकलं, आणि म्हणाले, “तेल कमी, धूळ जास्त. बिडी सोड.” सरकारी डॉक्टरांनी पंधरा दिवसांनी हेच सांगितलं, पण इतक्या थोडक्यात नाही.

त्यांची खरी भक्ती होती ती दातांवर. यंत्राच्या चाकांचे दात. जगातलं सगळं एका लहान आणि एका मोठ्या दातेरी चाकामुळे चालतं आणि त्यांचा हिशेब चुकला की बिघडतं, असं त्यांचं मत होतं. सवयीने ते काहीही मोजत. फणी, करवत, विळा, बाजारातला बैल. पुतणीला पाहायला मुलगा आला तेव्हा चाचांनी त्याला तीन विनोद सांगितले. घरच्यांना वाटलं, चाचा खुशीत आहेत. मुलगा तिसऱ्यांदा हसल्यावर चाचा उठून आत गेले आणि म्हणाले, “एकतीस. एक कमी हाय, पन आवाज करत नाही. चालन.” स्वतःच्या संसाराचाही त्यांनी असाच हिशेब काढला होता. चाची उंचीने त्यांच्या कोपराला लागत. दोघं बाजारात निघाले की चाचांच्या एका ढांगेला चाचींची दोन पावलं पडत. “दोनास एक,” चाचा मला अभिमानाने सांगत, “तीस साल झाले, दात घासला नाही.” चाचींना हे कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, “दोन पावलं मी टाकते, अन् दम ह्यायले लागते.” घरात दोघं हिंदुस्थानी बोलत, बाहेर वऱ्हाडी, आणि भांडताना दोन्ही.

आता त्यांची एक खोड सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. चाचांना डावं-उजवं नव्हतं. म्हणजे हात दोन होते, पण त्यांची नावं त्यांनी कधी शिकून घेतली नव्हती. आमच्या जिनिंगच्या एका अंगाला मोठी विहीर होती आणि दुसऱ्या अंगाला कापसाची वखार. तीस वर्षं ज्या यंत्रांत चाचा वावरले ती जमिनीत नटबोल्टांनी गाडलेली. ती कधी वळत नव्हती, कूस बदलत नव्हती. म्हणून प्रत्येक यंत्राला एक विहिरीकडची बाजू आणि एक वखारीकडची. “विहिरीकडचा पट्टा उतरव”, “वखारीकडच्या नटाले पाना लाव”. सगळे हमाल, फिटर, आम्ही कारकून हीच भाषा बोलत होतो आणि तीस वर्षांत एक पट्टा चुकीचा उतरला नाही. पंचाईत फाटकाबाहेर होई. एकदा चाचांचा गुडघा धरला म्हणून मी त्यांना दवाखान्यात नेलं. कंपाउंडरने विचारलं, “कोणता?” चाचा म्हणाले, “वखारीकडचा.” कंपाउंडर माझ्याकडे पाहू लागला. चाचांनी त्याची अडचण समजून घेतली. खिडकीतून बाहेर पाहून जिनिंगचं धुराडं कुठे आहे त्याचा अंदाज घेतला, खुर्चीवर अर्धवट वळले, आणि म्हणाले, “आता असा बसलो म्हनजे, हा.”

ह्या माणसाला सासुरवाडी होती आणि तिथे त्याने अकरा वर्षं पाऊल टाकलं नव्हतं.

चाचींचं माहेर आसेगावचं. वाशीमहून आठेक कोस. अकरा वर्षांपूर्वीच्या ईदेला चाचा-चाची तिकडे गेले ते आमच्याच जिनिंगला माल टाकून परतणाऱ्या एका रिकाम्या बंडीतून, रिकाम्या बोऱ्यांवर बसून. दारात थोरले मेहुणे उभे होते. त्यांनी त्याच महिन्यात नवी दमणी घेतली होती. दमणी म्हणजे माणसांनी बसायची हलकी, सजवलेली बैलगाडी. त्यांनी चाचांच्या शेरवानीला चिकटलेला कापूस दोन बोटांनी उचलला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, “दुल्हेभाई, कापसासंगं तुमालेबी तोललं काय?” दार हसलं. चाचा हसले नाहीत. शीरखुर्म्याची वाटी तशीच ठेवून ते म्हणाले, “आता ह्या दारात येईन त मोटारीत बसून. नाही त नाही.” त्या काळी सबंध वाशीममध्ये दोन मोटारी होत्या आणि त्यातली एक सरकारची.

शपथ चाचांनी घेतली, निभावली चाचींनी. पहिली काही वर्षं त्यांचे वडीलच दमणीत बसून बाजाराच्या दिवशी लेकीला भेटून जात. मग त्यांचे डोळे गेले, मागून गुडघे. दोन वर्षं झाली, बापलेकीची भेट नव्हती. मी एकदा चाचींना म्हटलं, “तुम्ही एकट्या जाऊन या ना. शपथ चाचांची आहे, तुमची थोडीच?” त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “एकटी गेली त लोक म्हनतीन, नवऱ्यानं टाकली. अब्बाच्या कानावर ते जाऊन राह्यलं त मंग भेटून काय कराचं?”

त्यानंतर ती मोटार आली. गावातल्या वकीलसाहेबांनी सिकंदराबादच्या एका लष्करी साहेबाची शर्यतीची मोटार घेतली आणि ती आगगाडीने वाशीम स्टेशनात उतरली. लाल रंग, बसायला दोनच जागा, पाठीमागे झाकण उघडलं की तिसऱ्या माणसाला कसंबसं अंग दुमडून बसता येईल अशी पेटी. सपाट रस्त्यावर ती अशी पळे की अनसिंगला जाऊन आलेल्या वकीलसाहेबांना अनसिंग लागल्याचं आठवत नसे. पण चढ दिसला की तिच्या पोटात गोळा येई. आसेगावच्या अलीकडे एक चढ आहे, त्याला आम्ही घाट म्हणतो. खरा घाट पाहिलेल्या माणसाला हसू येईल. तेवढ्या चढावर ती मोटार अर्ध्यात थांबे, मग अशील आत बसे आणि वकील काळा कोट काढून मागून ढकली. तारखेला पोचल्यावर दोघांपैकी आरोपी कोण ते न्यायाधीशांना विचारावं लागे.

वकीलसाहेब मोटार परत विकायला निघाले होते. चाचांनी ती एकदा पाहायला मागितली. ते मोटारीखाली झोपले, मागच्या दोन चाकांच्या मधे असतो त्या लोखंडी गोळ्याचं झाकण उघडलं, आणि बाहेर आले ते लग्नघरातून आल्यासारखे. “वकीलसाब, तिचा काही कसूर नाही,” ते म्हणाले. “आत दोन चाकं हायेत. लहान चाक इंजन फिरवते, मोठं चाक मांगचे चाकं फिरवते. लहान्याले अकरा दात, मोठ्याले चव्वेचाळीस. चार फेऱ्याले एक. सायबाले पळाचं होतं, त्यानं पळाचे दात घेतले. तुमाले चढाचं हाय. तुमाले सहाले एक पाह्यजे. पळ कमी होईन, जोर येईन.”

“आणि असे दात कुठे मिळतील?” वकीलसाहेबांनी विचारलं.

“त्याच कंपनीच्या माल वाहाच्या गाडीत.”

अशी एक गाडी रिठदला एका व्यापाऱ्याच्या वाड्यामागे मरून पडली होती आणि तिच्यात कोंबड्या राहत होत्या. वकीलसाहेब म्हणाले, “मिस्त्री, ही मोटार घाट चढली, तर ईदेचा सबंध दिवस मोटार तुमची. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मला अकोल्याला कोर्टात उभं राहायचं आहे.”  चाचा तडक घरी गेले आणि चाचींना म्हणाले, “गठडं बांध.” संध्याकाळपर्यंत अख्ख्या मोहल्ल्याला कळलं होतं की ह्या ईदेला चाची मोटारीतून माहेरी जाणार, आणि बाजारकऱ्यांच्या तोंडून ते आसेगावलाही पोचलं.

त्या वर्षी ईद थंडीत आली होती. रोज्यांचा महिना, कापसाचा हंगाम, आणि चाचांना मोटारीसाठी फक्त बाजाराची सुटी. पहिल्या सुटीला त्यांनी मोटार आवारात घेतली, मागचा भाग लाकडी ठोकळ्यांवर चढवला आणि गोळ्यातून दोन्ही चाकं बाहेर काढली. कोणती वस्तू कुठून निघाली हे ते मला सांगत आणि मी काट्याच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहीत होतो, कारण चाचांना लिहिता येत नव्हतं आणि माझं अक्षर तालुक्यात नावाजलेलं होतं. “लिवा,” चाचा मोटारीखालून म्हणाले, “मोठं चाक विहिरीकडं.” मी लिहिलं. खाली रेघही मारली. मग ते रिठदला गेले, कोंबड्यांची समजूत काढली, दात मोजले, पुन्हा मोजले, आणि बेचाळीस आणि सात दातांची जोडी फडक्यात गुंडाळून, तान्हं मूल आणावं तशी छातीशी धरून आणली. रोज्याच्या तोंडाने घोटभर पाणी न पिता, पुढच्या सुटीला त्यांनी ती बसवली. बसवताना मला वरून वाचायला लावलं. मी वाचलं, “मोठं चाक विहिरीकडं.” त्यांनी मान वर करून विहीर पाहिली आणि मोठं चाक विहिरीकडे बसवलं.

आणि मग जे झालं ते तुम्ही सुरुवातीलाच पाहिलंत.

कापूस उपसून मोटार बाहेर काढल्यावर चाचा जमिनीवर बसले. त्यांनी विहीर पाहिली. वखार पाहिली. मोटारीचं तोंड कुठे आहे ते पाहिलं. मग बराच वेळ ते बोटांवर काहीतरी फिरवत राहिले. शेवटी हळूच म्हणाले, “गाडी काढली तवा तोंड टेसनाकडं होतं. आता फाटकाकडं हाय. गाडी कोनं फिरवली?”

फिरवली होती. दोन बाजारांच्या मधल्या आठवड्यात कापसाच्या बंड्यांना ती आडवी येत होती, म्हणून आठ हमालांनी ती कापसाची गाठ उचलावी तशी ठोकळ्यांसकट उचलली आणि तोंड फिरवून कडुनिंबाखाली ठेवली. विहीर जिथल्या तिथे राहिली, मोटारीच्या बाजू बदलल्या. मोठं चाक लहान चाकाच्या उलट्या अंगाला बसलं की मोटारीचं सगळं उलटं होतं: पुढे जायचे तिन्ही गियर मागे नेतात, आणि मागे जायचा एकुलता एक पुढे, तोही गोगलगायीच्या चालीने.

“हमालांनी फिरवली,” मी म्हणालो. हे खरं होतं. हमालांना सांगितलं कोणी, असं चाचांनी विचारलं नाही आणि मी आपण होऊन सांगितलं नाही. ते इथे पहिल्यांदाच कबूल करतो आहे.

“रेचा कवा कोनी फिरवून ठेवते काय?” चाचा पुटपुटले. ते कोणावर रागावले नव्हते. त्यांना जगाचं आश्चर्य वाटत होतं.

चाक पुन्हा काढून बसवायला दोन दिवस पाहिजेत. आणि त्याच संध्याकाळी चंद्र दिसला. मोहल्ल्यात आरोळी उठली, लोकांनी एकमेकांना मिठ्या मारल्या, आणि मी चाचांच्या घरी गेलो तर चाची गठडं सोडायला बसल्या होत्या. रडत नव्हत्या. एकेक लुगडं काढून, झटकून, पेटीत परत ठेवत होत्या. चाचा उंबऱ्यावर उभे होते. त्यांनी हे थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाले, “राहू दे. बांध.”

“काहून? मोटार त चालत नाही म्हनता.”

“चालत नाही कोन म्हनलं? मांगं चालते. मी म्हनलो होतो मोटारीत बसून येईन. तोंड कोनीकडं करून येईन, हे म्हनलो नव्हतो.”

ईदेची नमाज झाल्यावर आम्ही निघालो. वकीलसाहेबांनी घाट चढायच्या अटीवर मोटार दिली होती, आणि हमालांनी तिचं शेपूट फाटकाकडे करून दिलं होतं. आम्ही म्हणजे चाचा चाकावर, शेजारी हिरवी चादर डोक्यावरून घेतलेल्या चाची, मांडीवर गठडं, आणि मागच्या पेटीत मी. मोटार शेपटीकडून जाणार, तेव्हा वाट दिसणारा माणूस फक्त मी. चाचा मान वळवून पाहत, पण मधे मी आणि झाकण. म्हणून वळणं मी ओरडून सांगायची असं ठरलं. फाटकाबाहेर पडेपर्यंत सगळं सुरळीत झालं, “विहिरीकडं! अजून विहिरीकडं!” पण वाशीम मागे पडलं आणि रस्त्यावर विहीरही नाही न् वखारही नाही. मी “डावीकडे!” ओरडलो. चाचांनी शांतपणे विचारलं, “म्हनजे?” तोपर्यंत आम्ही तुरीच्या शेतात वीस हात आत होतो. तेव्हापासून आठ कोस मी दिसेल त्याचं नाव घेत गेलो. “बाभळीकडं! नाल्याकडं! त्या म्हाताऱ्याकडं! अहो म्हाताऱ्याकडं नको, दुसरीकडं!” त्या दिवशी त्या वाटेवरचं एकेक झाड मला नावानिशी पाठ झालं. समोरून येणारे बैल मोटारीला तोंडाकडून बुजायला शिकले होते, शेपटीकडून कसं बुजायचं ते त्यांना ठरवता येईना. ते नुसतेच उभे राहून पाहत. एका बंडीवाल्याने उतरून, मोटारीला संपूर्ण प्रदक्षिणा घालून विचारलं, “मिस्त्री, येऊन राह्यले का जाऊन राह्यले?” चाचा म्हणाले, “सासुरवाडीले जाऊन राह्यलो,” आणि त्याचं समाधान झालं.

चढाच्या पायथ्याशी चाचांनी मोटार थांबवली. पहिल्या गियरचा दांडा टाकला. चाचींनी डोळे मिटले. मी पेटीत उभा राहून चढाकडे पाहत होतो, आणि खरं सांगतो, त्या दिवशी तो मला सह्याद्रीएवढा वाटला. मोटारीने एक हुंदका दिला आणि पाठमोरी वर चढू लागली. ढेपाळली नाही, थांबली नाही, शिंकली नाही. बेचाळीस दात एकेक करून सात दातांना भेटत होते आणि चाचा प्रत्येक भेटीला मान डोलावत होते. वर पोचलो तेव्हा रेडिएटरातून वाफ निघत होती आणि चाचांच्या टोपीखालूनही निघत होती, असं मला वाटलं.  ते चाचींना म्हणाले, “डोये उघड.”

आसेगावात मोटार शिरली ती शेपटीने. आधी मी दिसलो, पेटीत उभा, “पाराकडं! पाराकडं!” ओरडणारा. अर्ध्या गावाला पहिल्यांदा वाटलं, जावई तो मीच. मोटार दाराशी टेकली. थोरले मेहुणे अकरा वर्षांपूर्वी उभे होते तिथेच उभे होते. त्यांनी मोटारीला वरपासून खालपर्यंत पाहिलं.  “दुल्हेभाई,” ते म्हणाले, “अकरा वर्षांनी आले, अन् तेबी पाठ करून?”

मला वाटलं, संपलं. चाचा आता इथून मोटारीसकट परत फिरणार आणि पुढची अकरा वर्षं विमानाची वाट पाहणार. चाचींनी गठड्याची गाठ घट्ट धरली. चाचा उतरले, मोटारीच्या टपावरून हात फिरवला आणि म्हणाले, “नवी हाय बिचारी. पयल्यांदा सासुरवाडीले आली. तोंड दाखवाले लाजते.”

मेहुणे आधी हसले, मग गाव हसलं, आणि मेहुण्यांनी पुढे होऊन चाचांना मिठी मारली. पाठीवर थापटताना त्यांच्या बोटांना शेरवानीला चिकटलेला कापूस लागला, कालच्या ढिगातून मोटारीत राहिलेला. त्यांनी तो हळूच काढला आणि स्वतःच्या खिशात टाकला. 

चाचींचे वडील बाजेवर बसून होते. “मोटार आली काय?” त्यांनी विचारलं. नातवांनी त्यांना धरून आणलं. त्यांनी मोटारीला शेपटीपासून हात लावत सुरुवात केली, चाकं, दार, दिवे, पार पुढच्या रेडिएटरपर्यंत. “केवढी गरम हाय,” म्हणाले. मग तोच हात चाचींच्या तोंडावरून तितक्याच सावकाश फिरवला. त्या वेळी मी पाराकडे पाहायला गेलो.

शीरखुर्म्याच्या मी किती वाट्या प्यायलो ते सांगत नाही. चाचांनी मोजल्या होत्या. दिवस कलायच्या आत निघायला हवं होतं, मोटार पोचवायची होती. मोटारीचं शेपूट दाराकडे होतं. परतीला तेच पुढे हवं, म्हणून गावातल्या पोरांनी ती उचलून फिरवली. ह्या वेळी चाचा जवळ उभे राहून डोळ्यांत तेल घालून पाहत होते. आता मोटारीचं तोंड थेट दाराकडे होतं. चाची बसल्या. मोटार निघाली.

माहेराहून निघालेली बाई मान वळवून वळवून पाहते आणि मान दुखली की पुढे पाहते, हे आपण सगळ्यांनी बघितलं आहे. चाचींना मान वळवावी लागली नाही. आसेगावच्या त्या दारापासून रस्ता सरळ असा अर्धा कोस आहे, आणि आमची मोटार पाठीमागे सरकत होती, सावकाश, आणि त्यांच्या समोर ते दार होतं. दारात म्हातारे नातवाला धरून उभे होते, हात वर करून. त्यांना दिसत तर काही नव्हतं. पण इंजिनाचा आवाज येत होता तोवर त्यांनी हात खाली घेतला नाही. मी एकदाच वळून पाहिलं. चाची पापणी लववत नव्हत्या. चाचांना मोटार त्याहून जोरात चालवता आली असती. त्यांनी चालवली नाही. “बोला,” ते मला म्हणाले, “कोनीकडं?” मी म्हणालो, “सरळ. सरळच आहे, चाचा.”

वकीलसाहेबांची तारीख पुढे गेली, आणि दोन दिवसांत चाचांनी मोठं चाक योग्य अंगाला बसवलं. ह्या वेळी वहीत मी ‘ड्रायव्हर बसतो त्या अंगाला’ असं लिहिलं. मोटार सरळ चालू लागली, घाटही चढू लागली, वकीलसाहेबांचा कोट अंगावरच राहू लागला, आणि ते खूश होऊन म्हणाले, मिस्त्री, कधीही मागा. उन्हाळ्याच्या तोंडी आसेगावहून निरोप आला. चाचा-चाची तेव्हा मेहुण्यांनी पाठवलेल्या दमणीतून गेले आणि चाळीस दिवसांनी, म्हाताऱ्यांचा चाळिसावा करून, परतले.

पुढच्या ईदेला चाचांनी मोटार मागून आणली. चांगली पुसलेली, लाल. दारात उभी केली, भोंगा वाजवला. मी मागच्या पेटीशी उभा होतो. चाची बाहेर आल्या, हात पदराला पुसत.

“चाल,” चाचा म्हणाले, “आसेगावले जाऊन येऊ. आता एकदम सरळ चालते.”

चाचींनी मोटारीकडे पाहिलं.

“उलटी बरी होती,” त्या म्हणाल्या.